आधी भाजी, मग बेत : जवळचे अन्न खाण्याचा माझा अनुभव

घरात लागणारी भाजी शक्यतो आसपासच्या शेतकऱ्यांकडून घ्यावी आणि काही स्वतः पिकवावी, असे ठरवल्यावर पहिला प्रश्न ‘जवळ’ कशाला म्हणायचे हाच होता. ॲलिसा स्मिथ आणि जे. बी. मॅकिनन या व्हँकुव्हरच्या जोडप्याने २००५ मध्ये १०० मैलांच्या परिघात पिकलेलेच अन्न वर्षभर खाण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढे अनेकांनी आपापल्या घराभोवती तसे वर्तुळ आखले. मला त्या वर्तुळात फारसा अर्थ वाटला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ख्रिस्तोफर वेबर आणि स्कॉट मॅथ्यूज यांनी २००८ मध्ये अमेरिकी कुटुंबांच्या अन्नाचा हिशेब मांडला, तेव्हा अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात सगळ्या वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्के, तर उत्पादकाकडून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा अवघा ४ टक्के निघाला. बहुतेक उत्सर्जन अन्न पिकवतानाच होत होते. थंडीत कृत्रिम ऊब देऊन वाढवलेला जवळचा टोमॅटो हा उघड्या शेतात पिकून लांबून आलेल्या टोमॅटोपेक्षा सरसच असेल, असे त्यामुळे म्हणता येत नाही. म्हणून मी अंतर बाजूला ठेवून दोन गोष्टी धरल्या: भाजी तिच्या हंगामातली असावी आणि काढणी ते ताट यांत कमीत कमी वेळ जावा.

शेतकरी बाजाराची सवय लावून घेताना सगळ्यात जास्त बदलावी लागली ती स्वयंपाकाची पद्धत. पूर्वी आठवड्याचे बेत आधी ठरत, त्यावरून यादी होई आणि यादीप्रमाणे खरेदी होई. शेतकरी बाजारात हा क्रम चालत नाही, कारण तिथे त्या आठवड्यात शेतात जे तयार झाले असेल तेच येते. मी यादी नेणे बंद केले. एक पालेभाजी, एक शेंगभाजी, एक फळभाजी आणि टिकणारे एखादे कंद असा ढोबळ आराखडा मनात ठेवून जायचे, आधी सगळे गाळे नुसते पाहून यायचे आणि मगच घ्यायला लागायचे, हे मला मानवले. पालेभाज्या हव्या असतील तर सकाळी लवकर जावे. बाजार उठताना त्याच पैशांत जास्त माल मिळतो खरा, पण उन्हात बसलेला पाला घरी आणून उपयोग नसतो.

बाजारात बसणारा प्रत्येक जण पिकवणारा असतोच असे नाही. दुसरीकडून माल आणून विकण्यात गैर काही नाही, पण माझा हेतू वेगळा होता, म्हणून मी तीन प्रश्न विचारू लागलो: हे कधी काढले, वाण कोणते आहे आणि पुढच्या आठवड्यात काय येणार. पिकवणाऱ्याला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही. एकाच गाळ्यावर सगळ्या ऋतूंच्या भाज्या एकत्र दिसल्या तर प्रश्न विचारण्याचीही गरज राहत नाही. माल पारखण्याच्या खुणाही हळूहळू डोळ्यांत बसल्या. घेवड्याची शेंग मोडताना कट् असा आवाज यावा, पालकाच्या देठाची कापलेली बाजू सुकून तपकिरी झालेली नसावी आणि गाजराचा पाला टवटवीत असावा. मात्र घरी आणताच तो पाला काढून टाकावा, कारण तो गाजरातले पाणी ओढत राहतो आणि गाजर लिबलिबीत होते. वाटाणा आणि कोवळा मका यांच्या बाबतीत घाई खरोखरच महत्त्वाची असते: तोडल्यापासूनच त्यांतील साखरेचा पिष्ट होऊ लागतो आणि उष्णतेत हा बदल आणखी वेगाने होतो.

यातूनच बागेचे गणित सुटले. घरी नेमके काय लावायचे याचा विचार लोक आवडीनुसार करतात. मी तो नासण्याच्या वेगानुसार केला. काढल्यावर काही तासांत मलूल होणारे, एका वेळी थोडेसेच लागणारे आणि कमी जागेत येणारे ते घरी लावायचे: पालक, कोथिंबीर, कांद्याची पात, पुदिना, मुळ्याचा कोवळा पाला. बटाटा, कांदा, कोबी आणि मोठे भोपळे यांना जागा जास्त लागते, ते टिकतातही चांगले, म्हणून ते शेतकऱ्याकडून घ्यायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील घरगुती आणि सामुदायिक बागांतून देशाच्या ताज्या भाजीपाल्यापैकी सुमारे ४० टक्के भाजीपाला आला, असा अंदाज आवर्जून सांगितला जातो. त्यामागे युद्धकाळाची निकड होती, सरकारी प्रचार होता आणि सुमारे २ कोटी बागा होत्या, हे विसरून कुंड्यांच्या एका रांगेकडून तशी अपेक्षा ठेवली तर उत्साह पहिल्याच हंगामात संपतो.

बी पेरण्याआधी जागेवर ऊन किती वेळ येते ते पाहणे आवश्यक होते, आणि एखाद्या दिवसाच्या निरीक्षणावर विसंबून चालत नाही, कारण ऋतू बदलला की सावल्याही सरकतात. टोमॅटो, मिरची, काकडी यांना निदान सहा तास थेट ऊन हवे. पालेभाज्या तीन-चार तासांतही भागवून घेतात. पालेभाज्यांना १५ ते २० सेंटिमीटर खोलीची माती पुरते, टोमॅटोला मात्र ३० सेंटिमीटरहून कमी खोलीच्या कुंडीत लावू नये. कुंडीत नुसती बागेतली माती भरली तर ती पाण्याने घट्ट बसते, म्हणून माती, चांगले कुजलेले खत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकत्र करून मी मिश्रण भुसभुशीत केले. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचे खत करताना एका भागाला दोन-तीन भाग वाळलेला पालापाचोळा घातला की दुर्गंधी येत नाही; ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असते, पाचोळ्यात कर्ब, आणि जिवाणूंना दोन्ही लागतात. पाणी देण्याचे वेळापत्रक मी केले नाही. बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहायचे आणि वापसा, म्हणजे मातीत पुरेशी ओल, असेल तर पाणी द्यायचे नाही, एवढाच नियम ठेवला. वरून पाचोळ्याचे आच्छादन घातल्यावर पाण्याची गरज स्पष्टपणे कमी झाली.

पेरणी एकदम न करता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडी थोडी करणे हा बागेतला सर्वांत उपयोगी धडा ठरला. नाहीतर सगळा पालक एकाच वेळी तयार होतो आणि मग वाटत फिरावे लागते. दिवस मोठे होऊ लागले की पालकाला फुलोऱ्याचा दांडा येतो आणि पाने कडवट होतात, त्यानंतर कितीही खत घातले तरी उपयोग नसतो. ती जागा सरळ घेवड्याला द्यावी. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतील नत्र बांधतात, म्हणून त्याला नत्रयुक्त खत बेताचेच लागते. कडक उन्हात टोमॅटोची फुले गळू लागली, तेव्हा रोग समजून औषध फवारण्याचा सल्ला मला मिळाला होता, परंतु दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे राहिले की परागीभवन नीट होत नाही आणि फुले गळतातच. दुपारची सावली करून वाट पाहणे हाच उपाय होता. भोपळ्याला सुरुवातीला नुसती नर फुले येतात, त्यामुळे घाबरून जाऊ नये. फुलामागे इवलेसे फळ दिसले की ते मादी फूल, आणि मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी नर फूल तोडून त्याचे पराग त्यावर हाताने लावावेत. मावा पडला तर मी आधी पाण्याची जोरदार धार मारतो. लेडीबग आणि त्यांच्या अळ्या मावा खातात. सरसकट फवारणी केली तर आधी त्या मरतात आणि मावा पुन्हा पडतो.

दोन हंगामांच्या मधला काळ खरा कसोटीचा असतो, कारण जुने पीक संपलेले असते, नवे तयार नसते आणि बाजारात गाळे रिकामे दिसतात. त्यासाठी बहराच्या दिवसांत साठवण करावी लागते. घेवड्याच्या शेंगा उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे टाकून लगेच गार पाण्यात काढल्या की रंग आणि चव बिघडवणाऱ्या विकरांचे (एन्झाइम) काम थांबते आणि गोठवल्यावर रंग व चव टिकते. बरणीबंद भाज्यांच्या वाटेला मी गेलो नाही. कमी आंबट भाज्या घरी हवाबंद करायच्या तर प्रेशर कॅनरचे (बरण्या वाफेच्या दाबाखाली तापवणाऱ्या भांड्याचे) उच्च तापमान लागते, नाहीतर बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. टोमॅटो वाळवणे सोपे आणि सुरक्षित वाटले. ताजे टोमॅटो मात्र फ्रिजमध्ये ठेवत नाही: फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की ५ अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोतील स्वाद देणारी संयुगे घटतात आणि फळ पुन्हा साध्या तापमानाला आणले तरी ती पूर्णपणे भरून येत नाहीत.

आता थोडे बियाणेही घरचे धरतो. टोमॅटो आणि घेवडा यांचे परागीभवन बहुधा स्वतःच्याच परागाने होते, त्यामुळे सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे बी पुढच्या वर्षी तसेच झाड देते. संकरित वाणाचे बी धरले तर रोपे एकसारखी निघत नाहीत. टोमॅटोचे बी गरासकट दोन-तीन दिवस आंबू दिले की भोवतीचा बुळबुळीत थर सुटतो. भोपळ्याचे बी मात्र मी दरवर्षी विकत घेतो, कारण मधमाश्या आसपासच्या शोभेच्या भोपळ्यांचा पराग आणू शकतात आणि अशा संकरातून आलेल्या फळात कुकुर्बिटासिन हे कडू विषारी द्रव्य उतरू शकते. ते शिजवल्याने जात नाही, म्हणून भोपळ्याची फोड कडू लागली तर ती भाजी टाकून द्यावी.