काळ्या रेघेचा छडा लागला: 'अ'मधलं तळं, नोंद सहावी

गेली! 'अ'च्या कडेने फिरणारी ती काळपट रेघ, जिच्यापायी मागच्या नोंदीत मी अख्खी फाइल नव्याने काढायच्या गोष्टी करत होते, ती आज संध्याकाळी गेली. ८०० टक्के झूम करून अक्षराला पूर्ण फेरी मारली. कुठेही काही नाही.

मांडणी तुम्हाला माहीत आहे, इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमधली: क्रीम कागद, त्यावर गडद निळा 'अ', आणि 'अ'च्या आत चांदण्यातलं फिकट तळं. दृश्याच्या ग्रुपला 'अ'ची क्लिप (त्या आकाराबाहेरचं सगळं कापणारी चौकट), त्याच्या आत तळ्याच्या ग्रुपला पुन्हा तीच क्लिप, आणि त्याच्याही आत पाण्याला तीच. प्रत्येक ग्रुप सुटा हलवला तरी काही बाहेर सांडू नये, म्हणून मी तसं केलं होतं. खोड नेमकी त्यातच होती, पण तिथवर पोचायला तीन संध्याकाळी गेल्या.

पहिला संशय एक्स्पोर्टवर. ९६ऐवजी ३०० डीपीआय (दर इंचातले ठिपके) केलं. रेघ बारीक झाली, गेली नाही. मग पाथचे, म्हणजे 'अ'च्या बाह्यरेषेचे, नोड (तिला वळण देणारे बिंदू) तपासले, दोन नोड एकमेकांवर चढलेले सापडले, ते काढले. रेघ होती तशीच. मग सगळ्या सरळ कडा पिक्सेल ग्रिडला चिकटवल्या आणि पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं. शिरोरेषेची वरची कड लख्ख झाली. उभा दंडही स्वच्छ. 'अ'च्या पोटाच्या गोलाईवर मात्र रेघ जशीच्या तशी!

म्हणजे घोळ अर्धवट झाकलेल्या पिक्सेलचा होता. नवी कोरी फाइल घेतली. काळी पार्श्वभूमी, वर मोठा पांढरा आयत, त्याला चौकोनाची क्लिप, आणि चौकोनाची उजवी कड मुद्दाम पिक्सेलच्या बरोबर मध्यावर. एक क्लिप: कडेच्या पिक्सेलची किंमत १२८ (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). ग्रुप करून तीच क्लिप दुसऱ्यांदा: ६४. तिसऱ्यांदा: ३२. ते तीन आकडे खाली-खाली लिहिले आणि खुर्चीतून उठलेच.

अल्फा, म्हणजे पिक्सेलच्या अपारदर्शकतेचा आकडा, सांगतो तो पिक्सेल किती झाकलाय एवढंच, कुठला भाग झाकलाय ते नाही. पोर्टर आणि डफ यांनी १९८४मध्ये मांडलेलं कंपोझिटिंगचं (एकावर एक थर बसवण्याचं) गणित याच गृहीतकावर उभं आहे. तीनही क्लिप पिक्सेलचा तोच अर्धा भाग झाकतात हे सॉफ्टवेअरला कळायला मार्गच नाही. ते प्रत्येक वेळी अर्ध्याचं अर्धं करत जातं. माझ्या पाण्याचा कडेला आठवा हिस्सा उरत होता आणि खालचा गडद निळा 'अ' त्यातून डोकावत होता.

आता उपाय. आतल्या दोन्ही क्लिप आउटसेटने २ पिक्सेल फुगवल्या. रेघ फिकी पडली, पण होती. कारण निळा 'अ' ग्रुपच्या बाहेर होता: आधी तो कागदावर अर्धा बसायचा, मग त्यावर पाणी अर्धं बसायचं, आणि अर्ध्यावर अर्धं बसलं की खालचं दिसतंच. म्हणून निळा 'अ'सुद्धा ग्रुपमध्ये घेतला, तोही थोडा फुगवून, आणि नेमकी क्लिप फक्त सगळ्यात बाहेर एकदाच लावली. आता आत सगळं कडेपलीकडे भरभरून वाहतं आणि अक्षर एकाच घावात कापलं जातं. हे लिहिताना लक्षात येतंय की मग आतल्या क्लिपना 'अ'चा आकार तरी कशाला हवा? साधा आयत पुरेल. उद्या त्या दोन्ही बदलते. फाइलही हलकी होईल.

या सगळ्यात इंकस्केपच्या आउटलाइन मोडने (त्यात फक्त बाह्यरेषा दिसतात) फार साथ दिली. क्लिप हिरव्या, मास्क (उजेड-काळोखाप्रमाणे चित्र कमी-जास्त दिसू देणारे थर) निळे, एका नजरेत कळतं की कशाच्या आत काय आहे. आणि ऑब्जेक्ट पॅनेलपेक्षा माझा भरवसा एक्सएमएल एडिटरवर (तो फाइलचा मूळ मजकूर दाखवतो) जास्त आहे. कुठल्या ग्रुपला कुठली क्लिप लागलीय हे तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. नेस्टिंग, म्हणजे ग्रुपमध्ये ग्रुप, तीन पातळ्यांच्या पुढे गेलं की मी आधी तोच उघडते.

तळ्यावरच्या धुक्याचंही मार्गी लागलं. धुकं दिसतच नव्हतं, कारण मास्कचा ग्रेडियंट (रंगाची उतरंड) मी निळा ठेवला होता, रंगसंगती डोळ्यासमोर राहावी म्हणून. एसव्हीजीचा (माझी फाइल याच प्रकारची आहे) मास्क डीफॉल्टने उजळपणा मोजतो, आणि त्या हिशेबात शुद्ध निळ्याचा वाटा जेमतेम ७ टक्के, हिरव्याचा ७२च्या आसपास. ग्रेडियंट पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत केला आणि धुकं पाण्यावर असं अलगद उतरलं की मी बराच वेळ नुसती बघत बसले.

राहिली आतली सावली. 'अ' कागदातून कापून काढलाय आणि तळं खाली खोल आहे, असं दिसायला हवं. कागदाला 'अ'चं भोक पाडणारा मास्क लावला, त्यालाच ड्रॉप शॅडो दिली, आणि भोकाच्या आत सावलीचा मागमूस नाही. एसव्हीजीमध्ये आधी फिल्टर (सावली हा त्यातलाच एक) लागतो, मग क्लिप, मग मास्क, शेवटी ओपॅसिटी. म्हणजे सावली आधी पडते आणि मग भोकाबरोबर तीही कापली जाते. मास्क लावलेला कागद आणखी एका ग्रुपमध्ये घालून सावली त्या बाहेरच्या ग्रुपला द्यायची, हा सरळ रस्ता आहे आणि मी तोच धरणार होते.

पण कागद वर आला तर बाहेरची कड कागदच कापेल! मग दृश्याला 'अ'ची क्लिप लागणारच नाही. तळं भोकाच्या खाली ऐसपैस पसरलेलं, वर एकच मास्क, सावली त्याच्या बाहेरच्या ग्रुपला. आज ज्या क्लिपसाठी एवढी झटले, ती पूर्णच काढून टाकता येईल. आताची फाइल वेगळ्या नावाने ठेवली आहे. नवीन उघडली, कागदाचा आयत काढून झालाय, आता त्याला भोक पाडते.