नव्या सेलवर चालणारं किट आणि घड्याळातून काढलेले सेल

नाशिकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची किट बनवतो असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे रिपेअरिंगचं दुकान का?" दुकान नाही. सिडकोत घराच्या वरच्या मजल्यावर दोन टेबलं आणि एक कपाट, आणि माणसं म्हणाल तर मी, माझा मित्र आणि शेजारच्या काकू. घरी बसून सोल्डरिंग करायची हौस असलेल्यांसाठी आम्ही छोटी किट विकतो. त्यात सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कुंडीतल्या मातीचा ओलावा दाखवणाऱ्या किटने.

सर्किट म्हणाल तर साधं. मातीत खोचायची पट्टी म्हणजे पीसीबीचाच (सर्किट छापलेल्या बोर्डाचाच) लांबट तुकडा, आत तांब्याच्या दोन पट्ट्या, वरून सोल्डर मास्क, म्हणजे तांबं झाकणारा थर. धातू मातीला लागतच नाही, त्यामुळे उघड्या दोन खिळ्यांच्या स्वस्त सेन्सरसारखा तो गंजून खलास होत नाही. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे दोन पट्ट्यांमध्ये वीज साठवायला पदार्थ किती मदत करतो त्याचा आकडा, पाण्याचा ८०च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५. माती ओली झाली की पट्टीची कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) वाढते, ५५५ टायमर या ठोके देणाऱ्या चिपची फ्रीक्वेन्सी उतरते, एटीटायनी८५ हा छोटा मायक्रोकंट्रोलर ती मोजतो आणि लाल, पिवळा किंवा हिरवा एलईडी लावतो. बटण दाबलं तरच मोजायचं, म्हणजे तीन पेन्सिल सेल भरपूर टिकतात. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता जोडणी करायच्या बोर्डवर, हे एका बैठकीत चालतं.

कसोटी पुढे होती. पहिला लॉट गेला आणि काही दिवसांनी फोन येऊ लागले. "किट बंद पडलं." परत मागवलेलं किट आमच्या टेबलावर मात्र ठणठणीत चालायचं. एका शिक्षकांचा फोन आला तेव्हा सुगावा लागला. ते म्हणाले, "सर, नवीन सेल टाकले की चालतं हो. पण पोरं घरून घड्याळातले सेल काढून आणतात ना, त्यावर नाही चालत."

पोरांचं काही चुकत नव्हतं. कुंडीच्या खेळण्याला नवे सेल कोण घालतं? घड्याळातून काढलेला सेल असतो १.२ व्होल्टच्या आसपास. तीन मिळून ३.६. आमच्या डिझाइनमध्ये ५५५चा टीएलसी५५५ हा प्रकार आहे, तो २ व्होल्टपर्यंत चालतो. म्हणजे ३.६ला अडायचं कारण नाही. अडत होतं, कारण पाकिटात टीएलसी५५५ नव्हताच.

५५५ ही १९७१-७२ची चिप. नंतर तिचे सीमॉस अवतार आले, कमी व्होल्टवर आणि कमी करंटमध्ये चालणारे, आणि टीएलसी५५५ त्यातलाच. जुन्या पद्धतीचा एनई५५५ मात्र किमान ४.५ व्होल्ट मागतो. त्याखाली तो लगेच मरत नाही, ही खरी डोकेदुखी. चालल्यासारखा वाटतो, पण त्याचं आउटपुट सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच राहतं. ३.६वर ते उरतं जेमतेम २.१, आणि एटीटायनीला 'हाय' (सिग्नल चालू) ओळखायला साधारण तेवढंच लागतं. मग एका घरी चालतं, दुसऱ्या घरी नाही, सकाळी चालतं, संध्याकाळी नाही.

ओळखायचं कसं? पायांची रचना एकच, आकार एकच, छापलेलं नाव टीएलसी५५५. मित्राने एक चिप सॉकेटवर लावली आणि सप्लायच्या तारेत मीटर घातला. टीएलसी५५५ ५ व्होल्टवर मिलिअँपच्या पावभागापेक्षाही कमी करंट घेतो, एनई५५५ सुमारे ३ मिलिअँप. मीटरवर ३च्या आसपासचा आकडा आला. अॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस चिपवर फिरवला, तर कापूस काळा झाला, छापलेली अक्षरं पुसली गेली आणि खालून वेगळ्याच रंगाची पाठ वर आली. जुन्या चिपला काळा रंग फासून वर नवं नाव छापलेलं. ज्या व्यापाऱ्याकडून घेतल्या त्याने हात वर केले, "मला जसं आलं तसं दिलं." खरंही असेल, कारण हा माल पाच हात फिरून येतो.

तेव्हापासून ५५५ फक्त अधिकृत वितरकाकडून, बिलासकट. महाग पडतो. तरीही प्रत्येक लॉटमधले नग सॉकेटमध्ये ३ व्होल्टवर लावून करंट बघूनच पाकिटात जातात. हे काम आता काकू करतात. त्यांनी अंबडला वायरिंग हार्नेसच्या कंपनीत वर्षानुवर्षं काम केलंय, लाइनवर चूक कुठे होते हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं.

पाकिटं भरायची युक्तीही त्यांचीच. आम्ही एकेक रेझिस्टर मोजत बसायचो. काकू म्हणाल्या, "अरे, मोजताय काय? सराफ बाजारातून छोटा काटा आण. भरलेलं पाकीट वजनात बसलं तर ठीक, नाही बसलं तर उघडून बघ." पाव वॅटचा एक रेझिस्टर कमी असला तरी शतांश ग्रॅमचा काटा लगेच सांगतो. त्यासाठी पिशव्या मात्र एकाच मापाच्या आणि एकाच बंडलातल्या लागतात.

रेझिस्टरचंही ऐका. आम्ही आधी चांगले म्हणून निळे मेटल फिल्मवाले घेतले. त्यावर १० के आणि १०० के (दहा हजार आणि एक लाख ओहम) यांत फरक एकाच रंगपट्टीचा, लाल की नारिंगी. निळ्या अंगावर ट्यूबलाइटच्या उजेडात ते दोन रंग ओळखायचे म्हणजे परीक्षाच. मुलं उलटसुलट लावायची. आम्ही साधे पिवळसर कार्बन फिल्म घेतले. त्यावर १० केसाठी तपकिरी-काळा-नारिंगी आणि १०० केसाठी तपकिरी-काळा-पिवळा, बघताक्षणी कळतं. तापमानाने ते थोडे जास्त हलतात, पण कॅलिब्रेशन, म्हणजे कोरडं कशाला आणि ओलं कशाला म्हणायचं ते किटला शिकवणं, प्रत्येकाने आपापल्या कुंडीतच करायचं असल्यामुळे फरक पडत नाही. डेटाशीट बघून भारी वाटणारा पार्ट किटमध्ये भारी असतोच असं नाही, हे माझं ठाम मत.

कॅलिब्रेशन कुंडीतच का? कारण माती. बाल्कनीत कुणाकडे कोकोपीट असतं, कुणी मळ्यातली काळी माती आणून भरतं. काळी माती सुकली की आकसते, भेगा पडतात आणि पट्टीच्या बाजूने हवेची फट राहते. खाली ओल असूनही सेन्सर 'कोरडं' म्हणतो. सर्किट याला काही करू शकत नाही. म्हणून पत्रकात ठळक लिहिलंय: पट्टी खोचल्यावर माती बोटाने दाबून घ्या, कोरडी असताना एकदा आणि पाणी घातल्यावर एकदा बटण दाबून धरा. पट्टीच्या कापलेल्या कडेतून पीसीबीत पाणी मुरतं, म्हणून कडेला नेलपॉलिशचे दोन हात द्यायलाही सांगतो. पावसाळ्यात आणखी एक भानगड. सोल्डरिंग पेस्टचा राहिलेला थर दमट हवेत करंट झिरपू देतो आणि रीडिंग भरकटतं. उपाय म्हणजे जुना टूथब्रश आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल).

वायफाय का नाही, हे सगळेच विचारतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही, पण उपकरणाला डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची) ईटीए, म्हणजे मंजुरी, लागतेच. मोबाइलवर ओलावा बघायची हौस भागवण्यापेक्षा स्वस्तात तीन एलईडी देणं आम्हाला परवडलं.

खेळण्यांचा नियम मात्र टाळता येत नाही. १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) आयएसआय खूण सक्तीची आहे, इलेक्ट्रिक खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होतं. आम्ही बॉक्सवर '१४ वर्षांवरील' छापतो आणि जाहिरातीत लहान मुलांचे फोटो टाकत नाही. नुसतं वय छापून सुटका होत नाही, वस्तू खरोखर कुणासाठी आहे ते बघितलं जातं. गरम सोल्डरिंग गन हातात घ्यायची असल्यामुळे आम्हालाही हे पटतं. काही शाळांना सातवी-आठवीसाठी किट हवी असतात, त्यांना आम्ही नाही म्हणतो. त्यात धंदा जातो, पण इलाज नाही.

आता अडलंय ते डब्यावर. इंजेक्शनचा साचा एवढ्याशा मालासाठी परवडत नाही, थ्रीडी प्रिंटला वेळ फार. सध्या ट्रॉफी-नेमप्लेटवाल्याकडून ३ मिमी अॅक्रिलिक कापून घेतो. तो म्हणतो, लग्नसराईत रांगेत थांबावं लागेल. म्हणून पुढच्या लॉटचं अॅक्रिलिक आत्ताच कापून ठेवायला दिलंय, ५५५ अजून वितरकाकडून यायचेत.