नवरा येत नव्हता, म्हणून मी एकटीच गेले

मॅरेज काउन्सेलिंगला एकटीनं जाऊन काय उपयोग, टाळी एका हातानं वाजते का, असं माझ्या सख्ख्या बहिणीनं विचारलेलं. मलाही तसंच वाटत होतं. ह्यांना मी चार महिने म्हणत होते, एकदा तरी येऊया, आणि दर वेळी उत्तर तेच, "आपल्या घरातलं बाहेर कशाला सांगत बसायचं? मला काय येड लागलंय व्हय?" शेवटी गणपती झाल्यावर एका शनिवारी ह्यांची शिरोलीला फौंड्रीत ड्युटी होती तेव्हा गेले, लपवून नाही, सकाळी डबा भरताना सांगूनच. राजारामपुरीत गाडी लावली आणि दहा मिनिटं गाडीवरच बसून राहिले, वर जाताना कोणी ओळखीचं बघेल ही धास्ती.

आत गेल्यावर अर्धा तास मी फक्त ह्यांच्याबद्दल बोलले. मला न विचारता दिराला दीड लाख दिले, विचारलं की गप्प बसतात, टीव्हीचा आवाज वाढवतात, दोन-दोन दिवस बोलत नाहीत. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एक कोरा कागद पुढं केला. म्हणाल्या, परवाच्या भांडणात तुम्ही काय काय केलं तेवढंच लिहा, त्यांचं एक वाक्य नको.

मला राग आला. पैसे त्यांनी दिले आणि कागद माझ्यापुढं? पण लिहिलं. ह्यांनी पायातले बूट काढायच्या आधीच मी पैशाचं विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून परत तेच विचारलं. मागोमाग बाथरूमच्या दारापर्यंत गेले. मग सासूबाईंना मध्ये ओढलं. मग लेकीसमोर मी म्हणाले, तुमच्या घराण्यातच खोट आहे. हे शेवटचं लिहिताना हात थांबला, लेक आठवीत आहे, तिला सगळं कळतं.

न विचारता पैसे देणं ही चूक त्यांचीच, हे मॅडमनीही स्पष्ट सांगितलं. पण मी जेवढी पाठ धरते तेवढे ते आत मिटतात आणि ते मिटले की मी अजून पाठ धरते, ह्या चक्रातलं माझं अर्धं तरी माझ्या हातात आहे की. जॉन गॉटमन म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नवरा-बायकोंना भांडताना बसवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की माणसाला समोरचं नीट ऐकूच येत नाही, आणि शांत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात. मी इतकी वर्षं ह्यांच्या गप्प बसण्याला माज समजत होते. माज नसेलही, हा विचारच कधी शिवला नव्हता मला.

एक मात्र कळकळीनं सांगते. घरात मारहाण असेल, भीती असेल, तर हे "माझं अर्धं" बिलकुल लावून घेऊ नका, मार खाणारीची त्यात काही चूक नसते, सरळ 181 ह्या महिला हेल्पलाइनला फोन करा. आणि फी परवडत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा. आणखी एक, जाताना नवऱ्याविरुद्ध पुरावे गोळा करायला म्हणून जाऊ नका. "मॅडम पण म्हणाल्या तुमचंच चुकतंय" असं मी पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाले आणि होतं नव्हतं ते दार बंद झालं. मॅडमनी हेही आधीच सांगून ठेवलंय की हे पुढं यायला तयार झाले तर दोघांसाठी दुसऱ्या काउन्सेलरकडं जाणं बरं, कारण त्यांनी आधी माझीच बाजू ऐकलीय, ह्यांना ते बरोबरीचं वाटणार नाही. मला हे पटलं.

परवा परत पैशाचाच विषय निघाला. आवाज चढतोय असं जाणवल्यावर मी म्हटलं, "अहो, अर्ध्या तासानं बोलूया," आणि खरंच उठून कट्ट्यावर मेथी निवडत बसले. हात थरथरत होते, देठं आणि पानं एकातच पडत होती. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, हे काही येईनात. मग आले, पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या म्हणाले, "दादानं आईसमोर मागितले गं. नाही म्हणता आलं नाही मला."

मी काही बोलले नाही. मेथी बाजूला सारून बसायला जागा केली.

शनिवारी सहावं सेशन आहे. हे येणार नाहीत, मी विचारलंही नाही ह्या वेळी.