दुतोंड्या मारुतीला खडूची कड

नाशकात आमचं प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात एक काका पेनड्राइव्ह घेऊन आले, गोदेच्या पुराचा फोटो, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती छातीपर्यंत पाण्यात. आता नाशिककराची पुराची मोजपट्टी म्हणजे तो मारुतीच, त्यामुळे बघूनच काटा आला अंगावर. त्यांना तो हॉलच्या भिंतीसाठी हवा होता, 6 फूट बाय 4 फूट, मॅट कॅनव्हासवर.

फाइल 6000 बाय 4000 पिक्सेल, म्हणजे 72 इंचात पसरली की इंचाला जेमतेम 83 पिक्सेल, पण एवढा मोठा फोटो कोणी नाक लावून बघत नाही म्हणून मी निर्धास्त. त्यांच्या पुतण्याने आधीच शार्पन करून, म्हणजे कडा ठळक करून दिलेला, लॅपटॉपवर झकास दिसत होता. मी तोच मोठा केला आणि सोडला प्रिंटला.

कॅनव्हास बाहेर यायला लागला तसा घाम फुटला. मारुतीभोवती पांढरी कड, खडूने गिरवल्यासारखी, आणि आभाळात नुसता रवा. शार्पनिंगने नवीन तपशील थोडाच येतो, कडेची गडद बाजू अजून गडद होते न उजळ बाजू अजून उजळ, आणि फोटो ताणला की ती कडही ताणली जाते. हे मला माहीत होतं हो! तरी तपासलं नाही, कॅनव्हास गेला माझ्या खिशातून.

मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली काहीही प्रक्रिया न केलेली, मागवली. आधी नॉइज, म्हणजे तो रवा, कमी केला, मग 150 पीपीआयने (इंचाला 150 पिक्सेल) फोटो 10800 पिक्सेल रुंद केला, आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी, वेगळ्या लेयरवर, फक्त उजेड-अंधार बदलणाऱ्या ल्युमिनॉसिटी मोडमध्ये, म्हणजे कडांना भलते रंग येत नाहीत, आभाळ मास्क करून वगळलं. अनशार्प मास्क या शार्पनिंगच्या टूलची रेडियस (कडेची रुंदी) 1.5 ठेवली, अमाउंट (जोर) तीन वेगवेगळ्या, आणि मारुतीच्या चेहऱ्याच्या तीन पट्ट्या काढून भिंतीला चिकटवल्या.

काका स्क्रीन बघून म्हणाले, "अरे, हे तर खरखरीत दिसतंय!" म्हटलं काका, मॅट कॅनव्हास शाई पितो, थेंब पसरतो, स्क्रीनवर जरा टोचलं तरच भिंतीवर नीट दिसतं, तुम्ही सात फूट मागं जाऊन बघा. दुकानात सात फूट जागा कुठली, ते मागं सरकत सरकत पार रस्त्यात, मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय, आणि काका तिथूनच ओरडले, "मधली!"

पहिला कॅनव्हास अजून आहे, रात्री प्लॉटरवर, म्हणजे आमच्या मोठ्या प्रिंटरवर, धूळ बसू नये म्हणून टाकतो, छापलेली बाजू खाली करून.