दुसऱ्या पानाचा उजवा समास

करार चार पानांचा, सह्या मात्र फक्त शेवटच्या पानावर. रकमेचा आकडा दुसऱ्या पानावर, आणि ते पान मागाहून बदललंय असा एका पक्षाचा आरोप.

"पिवळ्या ठिपक्यांवरून छपाईची तारीख निघेल ना, मॅडम?" फाइल देतानाच वकिलांनी विचारलं. हल्ली हे सगळेच विचारतात. अनेक रंगीत लेझर प्रिंटर पानभर बारीक पिवळे ठिपके टाकतात, हे खरंच. २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने झेरॉक्सच्या डॉक्युकलर प्रिंटरची ही जाळी उलगडली, तेव्हा त्यात मशीनचा अनुक्रमांक आणि छपाईची तारीख-वेळ सापडली. पण माझ्यापुढची पानं काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवरची. त्यात पिवळा टोनरच नसतो, तर ठिपके येणार कुठून?

फॉन्ट, ओळींमधलं अंतर, कागद, चारही पानांचं सगळं सारखं. मायक्रोस्कोपखाली टोनरही वेगळा वाटेना. मग समास तपासायला घेतले. दुसऱ्या पानाच्या उजव्या समासात खसखशीहून बारीक काळा ठिपका होता. त्याच्या सरळ रेषेत खाली आणखी तीन. पट्टी लावली, तर दर दोघांमध्ये ७५ मिलिमीटरहून किंचित जास्त अंतर. लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर उमटवणारा फिरता दंडगोल म्हणजे ड्रम. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा घेर ७५.४ मिलिमीटर भरतो. ड्रमवर एक टोचा पडला की प्रत्येक फेऱ्याला तो कागदावर उमटतो. बाकी तीन पानांचे समास स्वच्छ होते.

आता त्या ऑफिसची इतर पत्रं हवी होती. पत्रावर तारीख कुणीही मागची टाकू शकतं, म्हणून बाहेरच्यांकडे पोचलेल्या मूळ प्रतीच मागवल्या, आवक शिक्क्यासकट. त्या क्रमाने लावल्या. कराराच्या सुमाराची पत्रं स्वच्छ. त्यानंतरचीही बरीच स्वच्छ. मग एका पत्रावर ठिपका आला, त्याच जागी, त्याच अंतराने. पुढच्या काही पत्रांत त्याच्या शेजारी केसासारखा ओरखडाही दिसू लागला आणि नंतर एकदम दोन्ही गायब. कार्ट्रिज बदललं असणार. वादातल्या पानावर ठिपका होता, ओरखडा नव्हता. एवढा चोख पुरावा आमच्या कामात क्वचितच हाती लागतो.

उलटतपासणीत विरुद्ध बाजूच्या वकिलांनी नेमकी दुखरी नस धरली.

"ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो ना? मग ते काढून दुसऱ्या प्रिंटरमध्ये बसवता येतं?"

"त्याच जातीच्या प्रिंटरमध्ये, हो."

"म्हणजे हे पान याच मशीनवर छापलं, असं तुम्ही सांगू शकत नाही."

"नाही. अहवालातही तसं म्हटलेलं नाही. ड्रमला टोचा पडण्याआधी ते छापलेलं नाही, एवढंच म्हटलंय. आणि करारावरची तारीख त्याच्या बरीच आधीची आहे."

त्यांनी पट्टी मागवली आणि न्यायाधीशांसमोर चारही ठिपके स्वतः मोजून पाहिले.