मित्र ताऱ्यावरचे शत्रू आणि बुजगावण्याचा प्रश्न

मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचे ढग नसतील अशा रात्री, पावणेअकरा-अकराच्या सुमारास साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या पठारावरून दक्षिणेकडे पाहिले, तर क्षितिजापासून जेमतेम अकरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीहून किंचित उंच, एक ठळक पिवळसर तारा दिसतो. तो अल्फा सेंटॉरी. मराठीत त्याचे नाव ‘मित्र’ आहे, आणि नेटफ्लिक्सवरच्या ‘३ बॉडी प्रॉब्लेम’ या मालिकेत पृथ्वीवर चालून येणारे सॅन-टी हे परग्रहवासी चार प्रकाशवर्षांवरच्या ज्या तीन सूर्यांच्या जगातून निघाले आहेत, ते जग याच दिशेला असणार, हे लक्षात आल्यापासून मला त्या नावाची मौज वाटत आली आहे. (प्रत्यक्षात तिथले दोन मोठे तारे सुमारे ८० वर्षांत शिस्तीने एकमेकांभोवती फिरतात आणि तिसरा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा, त्यांच्यापासून फार दूर आहे. मालिकेतल्या तीन सूर्यांच्या बेभरवशाच्या फिरण्याचा गोंधळ तिथे नाही.)

मार्च २०२४ मध्ये पहिल्या पर्वाचे आठ भाग आले, तेव्हापासून माझा भाचा आणि मी या आक्रमणाविषयी तर्क लढवत आहोत. लिऊ त्सिशिन यांची मूळ कादंबरी आम्ही मुद्दाम वाचलेली नाही, तेव्हा वाचलेल्यांनी कृपया गप्प राहावे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही, त्यांनी इथेच थांबावे.

चाहत्यांमधला एक लाडका तर्क असा, की आरमार वगैरे काही निघालेलेच नाही. ते पोचायला ४०० वर्षे लागणार आहेत. तोवर पृथ्वीवर आलेले दोन सोफॉन, म्हणजे एकेका प्रोटॉनमध्ये कोरलेले संगणक, माणसाला घाबरवून त्याचे विज्ञान थांबवतील आणि काम फत्ते होईल. तर्क आकर्षक आहे, पण सॅन-टींशी संवाद साधणाऱ्या, त्यांच्या पृथ्वीवरच्या अनुयायाच्या, म्हणजे माइक इव्हान्सच्या प्रसंगापाशी तो अडखळतो. इव्हान्स त्यांना लांडगा आणि लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट वाचून दाखवतो, तेव्हा लांडगा आजीचे सोंग कसे घेऊ शकतो हेच त्यांना उमगत नाही, आणि माणसे खोटे बोलतात हे कळताच ते भयभीत होऊन बोलणे तोडतात. ज्यांना थाप म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते, त्यांनी चारशे वर्षांची थाप आधीच मारली, हे पटणारे नाही.

मात्र खरी अडचण याच्या पुढे आहे. हेच सोफॉन ऑगी या शास्त्रज्ञ तरुणीच्या डोळ्यांसमोर उलटे आकडे मोजतात आणि एका रात्री आकाशातले सगळे तारे लुकलुकवून दाखवतात. तारे लुकलुकलेले नसतात. मग हे खोटे नव्हे काय?

यावर माझे उत्तर बुजगावण्याचे आहे. ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी काठीला जुना सदरा अडकवून वर मडके पालथे घालतो, आणि आपण पाखरांशी खोटे बोललो असे त्याच्या मनातही येत नाही, कारण पाखरांशी त्याचे बोलणेच नसते. सॅन-टींच्या लेखी खोटेपणा हा बरोबरीच्या दोघांत घडतो. किड्यांच्या डोळ्यांपुढे काही नाचवणे हा केवळ राखणीचा भाग. ‘तुम्ही किडे आहात’ हा त्यांचा संदेश लोक शिवीसारखा ऐकतात. मला ते सरळ त्यांच्या वर्तनाचे स्पष्टीकरण वाटते.

भाच्याला हे अर्धेच पटले. “मामा, पण पाखरं चार दिवसांत त्याच मडक्यावर येऊन बसतात, ते धरलंय का तुम्ही?” मी धरले नव्हते.

सोफॉन सगळे ऐकतात, पण मनातले वाचू शकत नाहीत, म्हणून शेवटच्या भागात मनातल्या मनात बेत आखणारे वॉलफेसर नेमले जातात, तेव्हा साताऱ्याच्या कोणाही माणसाला १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगड आठवणारच. महाराज भ्याले आहेत असे मानून खान जावळीत उतरला. पण ही तुलना फार ताणू नये. सोफॉन प्रत्येक शब्द ऐकत असता, तर तोफेचा बार झाल्यावर काय करायचे, हे जावळीच्या रानात दबा धरून बसलेल्यांना आधी सांगताच आले नसते. वॉलफेसरला नेताजी पालकर नाहीत.

म्हणूनच सॅन-टींना पृथ्वीवर बोलावणारी शास्त्रज्ञ ये वेनजिए, पुढे वॉलफेसर होणाऱ्या सॉलला सिद्धांत न सांगता विनोद सांगते, असे मी धरून चाललो आहे: आइनस्टाइन स्वर्गात जातो, देव वाजवत असताना स्वतःचे व्हायोलिन काढतो आणि मार खातो. विनोदात बोलायचे एक असते आणि सांगायचे दुसरेच. ज्यांना लांडग्याचे सोंग कळले नाही, त्यांनी हा विनोद अक्षर न् अक्षर ऐकला असेल आणि त्यांच्या हाती फक्त आइनस्टाइन आणि व्हायोलिन लागले असेल. सॉललाही अजून त्याहून अधिक काही लागलेले दिसत नाही. तो प्रसंग मी तीनदा पाहिला; देव सॅक्सोफोन वाजवतो, या तपशिलापाशी मी दर वेळी थांबतो, आणि भाचा म्हणतो की मी उगाच थांबतो.