मावशी, तपासणीआधी एवढं विचारून घे

रामबागेतल्या माझ्या मावशीला गर्भाशयाची दुर्बिणीतून तपासणी सांगितली आहे. पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, त्यामुळे ती टाळून चालणार नाही. "भूल लागत नाही, दहा मिनिटांचं काम" एवढंच कळलं आणि ती गप्प बसली. इंदुरातल्या आपल्या बायका हळदीकुंकवाला जगभराचं बोलतात, हे मात्र बोलत नाहीत. म्हणून लिहितेय.

इथे इंग्लंडमध्ये माझी हीच तपासणी ओपीडीत झाली. डॉक्टर पायाशी, उशाशी एक नर्स. तिचं सगळं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे. हात धरून ती मला खांदे सैल सोडायला, श्वास लांब सोडायला सांगत होती, आणि पुढचं आधी कानावर घालत होती: "आता पाणी आत जाईल, पाळीसारखी कळ येईल." कळ आलीच, चांगली जोरात. पण येणार हे ठाऊक होतं, त्यामुळे अंग आखडलं नाही. 'थांबा' म्हटलं की थांबायचं, हेही आधी ठरलेलं. मी एकदा म्हटलं, आणि डॉक्टर थांबल्या.

बरंचसं डॉक्टरांच्या पद्धतीवरही असतं. इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतच बारीक दुर्बीण सुचवली आहे: २.७ मिमीची, आवरणासकट ३ ते ३.५. शक्य तिथे स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरणारं उपकरण) न घालता, सलाईनच्या पाण्यानेच वाट मोकळी करत ती आत नेतात. गर्भाशयाचं तोंड चिमट्याने धरावं लागत नाही, आणि दुखणं तिथेच कमी होतं. फिजिओथेरपीवाल्यांकडची टेन्स मशीनही (कातडीवर चकत्या चिकटवून विजेचा हलका प्रवाह देऊन दुखणं कमी करणारी) या तपासणीत उपयोगी पडल्याचं संशोधनात दिसलंय. पेसमेकर असेल तर मात्र नको. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी नंतर बरी वाटते.

पण मावशी, हे सगळं गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नव्हे. वेदनाशामक कोणती आणि किती आधी घ्यायची ते विचार. तुझी दोन्ही बाळंतपणं सीझरची, पाळीही गेलेली; अशा बायकांना जास्त दुखू शकतं, ते आपणहून सांग. झेपणार नाही असं वाटलं तर पूर्ण भूल माग. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि ताईला सोबत ने. तिला आत येऊ देतील का, ते आदल्या दिवशीच फोन करून विचार.